‘ताण’ नेमका कोणता?

गिरगावकर: फ्यूजन अणुभट्टीतल्या अतिसंवाहक (अतिथंड केल्यावर विनारोध वीज वाहणाऱ्या) चुंबकांवरच्या मजकुरात वाक्य आहे: ‘ताण आला की तारेतला ताण वाढतो आणि ताणामुळे प्रवाहक्षमता घटते.’ तिन्ही ताण एकच का?

स्नेहल: नाही हो. लोकलच्या ओव्हरहेड वायरला टोकाशी वजनं टांगून देतात ती खेच. ते बल, न्यूटनमध्ये. ते छेदाच्या क्षेत्रफळाने भागलं की प्रतिबल, मेगापास्कलमध्ये. आणि लांबी मुळाच्या किती टक्के बदलली ती विकृती. तिला एकक नसतं.

गिरगावकर: ‘विकृती’ वाचून माणूस थेट पोलीस ठाण्यात पोचतो!

स्नेहल: ‘विकार’ लिहिलात तर दवाखान्यात. त्यापेक्षा विकृतीच बरी.

मुलुंडकर: इथे हा फरक फार महत्त्वाचा. या तारेतलं अतिसंवाहक संयुग, नायोबियम-टिन, ठिसूळ असतं, म्हणून आधी वेटोळं गुंडाळतात आणि मग सुमारे ६५० अंश सेल्सियसला भाजतात. संयुग तेव्हाच तयार होतं. भट्टीतून काढल्यावर तार वाकवली की तिच्यातले त्या संयुगाचे बारीक तंतू तडकतात. पुढे ४.५ केल्विनपर्यंत (सुमारे उणे २६९ अंश सेल्सियस) थंड करताना तारांच्या केबलभोवतीची स्टेनलेस पोलादाची नळी तंतूंपेक्षा जास्त आकसते. म्हणजे प्रवाह सोडण्याआधीच तंतू दाबले गेलेले, विकृती ऋण.

आता प्रवाह सोडा. इटर या फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रकल्पाच्या मधल्या सॉलेनॉइडला (उभ्या नळकांडी वेटोळ्याला) १३ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र लागतं. तिथे चुंबकीय दाब सुमारे ६७ मेगापास्कल होतो. त्यापायी वेटोळ्याच्या परिघात येणारं प्रतिबल त्याहून कितीतरी मोठं, आणि ते पेलते मुख्यतः नळी. ४०० मेगापास्कलला पोलाद साधारण ०.२ टक्के लांबतं. पोलादाला त्याचं काही वाटत नाही, पण तंतूंनाही तेवढंच लांबावं लागतं. म्हणून मर्यादा दोन: नळीसाठी प्रतिबलाची, तंतूंसाठी विकृतीची.

स्नेहल: मग तिसरा ताण अर्धा चूकच. आधी दाबलेल्या तंतूला थोडी खेच बसली तर क्षमता वाढते.

मुलुंडकर: बरोबर, दाब सुटेपर्यंत. खरा घात आडव्या बलाने होतो. केबलमधल्या तारा बाजूला रेटल्या जाऊन आधारांच्या मधे वाकतात आणि चालू-बंद होता होता तंतूंना तडे जातात. इटरने त्या सॉलेनॉइडच्या केबलचा पीळ आखूड केला, तेव्हा ही घसरण आटोक्यात आली.

गिरगावकर: मग असं लिहितो: ‘चुंबकीय बलामुळे नळीत प्रतिबल येते, तिच्याबरोबर तंतूंची विकृती बदलते आणि त्यानुसार प्रवाहक्षमता घटते किंवा वाढते.’

स्नेहल: चालेल. फक्त पुढच्या परिच्छेदात ‘पीळ’ खोडून ‘व्यावर्तन’ करू नका.