आठवीपर्यंत नियमित येणारी मुलं नववीत शाळा का सोडतात?

गोवंडीची ताई
मी शिवाजीनगरला संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते, फी नाही. पालिकेच्या शाळेत वह्या, गणवेश, बूट, दप्तर असं सगळं धरून 27 वस्तू फुकट मिळतात, दुपारी खिचडी असते, पोरं जातात. पण नववीत गेली की एकेक कमी व्हायला लागतं. परवा एका हुशार मुलाला विचारलं तर म्हणतो, जरीच्या कारखान्यात आठवड्याला दोन हजार मिळतात, दादा बारावी होऊन पण डिलिव्हरीच करतो ना. यावर काय बोलू मी? आणि नववीच्या पुढे सरकारकडून काही मिळतं का?

सतीश_चेंबूर
मिळतं. आठवीत असताना एनएमएमएस म्हणजे केंद्र सरकारच्या स्कॉलरशिपची परीक्षा द्यायला लावा, पास होऊन यादीत नाव आलं तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे आणि शाळा सरकारी, पालिकेची नाहीतर अनुदानित. फॉर्म शाळेतूनच भरतात, त्यामुळे शाळेच्या मागे लागा, नाहीतर तारीख निघून जाते. पण खरं सांगू का, शिक्षण हक्क कायदा 14 वर्षांपर्यंत, खिचडी आठवीपर्यंत, आणि बालमजुरीच्या कायद्यात 2016 ला बदल झाला त्यात पण पूर्ण बंदी 14 च्या आतच, पुढे फक्त धोक्याच्या कामांना मनाई. म्हणजे पोरगं कमवायच्या वयात आलं की नेमका तेव्हाच सगळ्यांनी हात काढून घेतलेला असतो, मग ते कारखान्यात जाणारच. पोराला दोष देऊच नका.

रुकसाना_आपा
माझ्या मुलीच्या स्कॉलरशिपचं सांगते. उत्पन्नाच्या दाखल्याला घराचा पुरावा मागितला, आम्ही भाड्याने, मालक अ‍ॅग्रीमेंट करून देत नाही. मग आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं, बँकेचं खातं बंद पडलेलं. मी घरकामाला जाते, प्रत्येक खाड्याला पगार कापतात. मुलगी हे सगळं बघत होती आणि एक दिवस म्हणाली अम्मी राहू दे. ती शिकायला कंटाळली नव्हती हो, माझे हाल बघवत नव्हते तिला. ताई तुम्ही एक करा, दाखले जूनची वाट न बघता उन्हाळ्याच्या सुट्टीतच काढायला लावा, आणि आईबरोबर कोणीतरी लिहिता-वाचता येणारं जाऊ दे, एकटीला परत पाठवतात.

नववी_ब
शिक्षक आहे. त्या मुलाला "शीक, मोठा होशील" असलं काही सांगू नका, त्याने दादाला बघितलंय. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा आहे, तो केलेला वस्तीतलाच कोणी असेल तर त्याच्याशी गाठ घालून द्या, पगार किती, काम कसं, त्यालाच विचारू दे. काम सोडणं जमतच नसेल तर रात्रशाळा बघा, तेही नाही तर बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म, पण शिक्षण सुटू देऊ नका.

गोवंडीची ताई
आपा, या मेमध्ये मीच येते आयांबरोबर. सतीशदादा, आठवीच्या पोरांची यादी उद्याच मुख्याध्यापकांना नेऊन देते.