ओळखीच्या छोट्या उत्पादकाला अन्नसुरक्षेच्या नियमांतून वगळावे का?

प्रश्न

छोट्या, स्वतंत्र उत्पादकाकडून खाद्यपदार्थ घेताना आपण आधी त्या माणसाची सचोटी पाहतो. परवाना आणि तपासणीचा विचार नंतर येतो. नियमांची कागदपत्रे मोठ्या कारखान्याला सहज पेलतात, पण दोन-तीन माणसांचा उद्योग त्याच खर्चाने बंद पडतो. ज्याचे नावच त्याच्या मालावर टिकून आहे, अशा उत्पादकाला सूट देण्यात खरोखर धोका आहे का?

प्रतिसाद १

आहे, आणि तो गंभीर आहे. सचोटी भेसळीपासून वाचवते, जंतूंपासून नाही. कच्च्या दुधात लिस्टेरिया हा रोगजंतू असेल तर तो फ्रिजमध्येही वाढत राहतो. बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू (त्याची टणक, सुप्त रूपे) उकळत्या पाण्यातही तग धरतात आणि ज्या पदार्थाचा पीएच ४.६ हून अधिक आहे, म्हणजे ज्यात आम्ल कमी आहे, अशा हवाबंद पदार्थात विष तयार करू शकतात. बुरशीतून येणारे अफ्लाटॉक्सिन हे विष तर नेहमीच्या शिजवण्यानेही पुरते जात नाही. यातले काहीही अत्यंत प्रामाणिक माणसाच्या डोळ्यांना किंवा जिभेला कळत नाही. दूध ७२ अंश सेल्सिअसला किमान १५ सेकंद तापवण्याचे प्रमाण त्यासाठीच आहे. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याची किंमत स्पेनने १९८१ मध्ये मोजली. तेथे औद्योगिक वापराचे तेल खाद्यतेल म्हणून फिरत्या विक्रेत्यांमार्फत विकले गेले आणि सुमारे २०,००० लोक आजारी पडले.

प्रतिसाद २

हे मान्य करूनही सांगावेसे वाटते की परवाना म्हणजे सुरक्षितता नव्हे. चीनमध्ये २००८ साली उघडकीस आलेल्या दूध प्रकरणात नामांकित कंपन्यांचीच उत्पादने होती. दुधातील प्रथिने नायट्रोजनवरून मोजली जात, म्हणून पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त औद्योगिक रसायन मिसळून चाचणी फसवली गेली, आणि सुमारे तीन लाख बालके आजारी पडली. साखळी जितकी लांब, तितकी जबाबदारी पुसट होते, हा छोट्या उत्पादकाच्या बाजूचा खरा मुद्दा आहे.

प्रश्नकर्ता

मग छोट्यांसाठी नियम कसे असावेत?

प्रतिसाद १

नियम उद्योगाच्या आकारावरून नव्हे, तर पदार्थाच्या धोक्यावरून ठरावेत. अंतराळवीरांच्या अन्नासाठी १९६० च्या दशकात विकसित झालेल्या हॅसप (HACCP) या अन्नसुरक्षा पद्धतीचे तत्त्व हेच आहे की तयार मालाची तपासणी करत बसण्यापेक्षा प्रक्रियेत धोका जिथे रोखता येतो, त्या टप्प्यावर नियंत्रण ठेवावे. कोरड्या किंवा भरपूर साखर असलेल्या पदार्थांना साधी नोंदणी, थोडे प्रशिक्षण आणि लेबल पुरे व्हावे. दूध, मांस आणि कमी आम्लाचे हवाबंद पदार्थ यांना मात्र कोणालाही सूट नको, फक्त छोट्यांच्या चाचण्यांचा खर्च शासनाने उचलावा. तोवर ग्राहकाने उत्पादकाला निदान एवढे विचारावे की पदार्थ किती तापमानाला, किती वेळ तापवला आणि त्याची नोंद कुठे ठेवली आहे.