९ ऑगस्टला विद्यापीठात नाचच ठेवायचा का?

पेठची पोर
नमस्कार मंडळी. मी पेठ तालुक्यातली, कोकणा आदिवासी. नाशिकला एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. यंदा आदिवासी दिनाचा कार्यक्रम आम्हा पोरापोरींवर सोपवलाय. सोपवलाय म्हणजे काय, यादी आधीच हातात आलीय: दीपप्रज्वलन, दोन भाषणं, आदिवासी नृत्य, आभार. नृत्याचे पोशाख ड्रेपरीवाल्याकडून. मागच्या वर्षीही तेच होते. हिरवी कापडी पानं, कमरेला इलॅस्टिक, डोक्यात पिसं. माझी आजी आयुष्यभर गुडघ्यापर्यंत लुगडं नेसली. पानं तिनं फक्त जेवायला घेतली.

दुखणं खरं वेगळंच आहे. ऑगस्टात पहिल्या वर्षाची पोरं नुकतीच आलेली असतात. मागच्या वर्षी माझ्या खोलीत सुरगाण्याकडची एक मुलगी होती. वर्गात तोंड उघडायची नाही, कारण आपला हेल कळला की मागून कोणीतरी हसतंच. आईला फोन करायला जिन्यात जाऊन बसायची, बोली कोणाच्या कानावर पडू नये म्हणून. गणपतीला घरी गेली ती आलीच नाही. पलंगाखाली नागलीच्या पिठाची पिशवी राहिली होती, गाठसुद्धा सोडलेली नव्हती.

अशा पोरीला दिवाळीपर्यंत तरी इथं टिकावंसं वाटेल, असं काहीतरी करायचंय. हाताशी साडेआठ हजार आणि एक हॉल. पावरी, म्हणजे आमचं फुंकून वाजवायचं वाद्य, ती वाजवणारे बोलवावेत असं मनात आहे. कोणी केलंय का?

डोंगरपायथा
ताई, पावरीचं आधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आमच्याकडे ती निघते डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाला, मार्गशीर्षात. माउल्या, म्हणजे देवाचे भक्त, व्रत धरतात, रात्ररात्र नाचतात. माझे मामा पावरकर. एकदा त्यांना शहरातून बोलावणं आलं, पाहुणे गाडीतून उतरताना वाजवायची म्हणे. मामा म्हणाले, ‘देव उतरणार असला तर येतो.’

दुसरं म्हणजे ९ ऑगस्ट ही भाताची भर आवणी, रोपं लावायचे दिवस. ज्यांना खरं नाचता येतं ती माणसं तेव्हा चिखलात असतात. ही तारीख आपल्या सणांतली नाहीच. १९८२ साली त्या दिवशी आदिवासींविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली, त्यावरून १९९४ मध्ये हा दिवस ठरला. तिथं आवणीचं कोण बघतो!

त्यापेक्षा थाळ ठेवा. काशाची थाळी, मेणानं उभी चिकटवलेली काडी, ती बोटांनी वरून खाली ओढत राहायची. घूंऽऽ असा एकच सूर धरतो आणि त्यावर कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, कथा चालते. थाळकर बहुतेक सत्तरीचे, आवणीतून सुटलेले. त्यांनाही आधी विचारूनच. आणि माइक नको, पोरांना जवळ सरकू द्या.

गंगापूर रोडकर
मी आदिवासी नाही, पण वारली चित्रांची स्पर्धा सोपी पडेल ना? मुलं आवडीनं काढतात.

पेठची पोर
दादा, मी कोकणा, शेजारची महादेव कोळी, पलीकडची ठाकर. आमच्यावर वारली काढायची वेळ दरवर्षी येते. वारल्यांकडे लग्नाचा चौक भिंतीवर सुवासिनी लिहितात. आम्ही कार्डशीटवर पोस्टर कलरनं लिहितो, आणि प्रशस्तिपत्र मिळतं.

चुलीपाशी
पैसे जेवणावर घाला. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, उडदाची आमटी. पेठ नाक्याकडं बायका रानभाज्या घेऊन बसतात, त्यांना दोन दिवस आधी सांगून ठेवा, वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, मिळाले तर सोन्याहून पिवळं. भाकरी मेसवर सोडू नका. नागलीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवावं लागतं, गव्हाची सवय असलेल्या हाताखाली ती तव्यावर जायच्या आधीच तुटते. पहिल्या वर्षाच्या पोरींनाच थापायला बसवा. तिथं त्यांना कोण हसणार?

पेठची पोर
हे जमेल. काल सरांना दाखवलं. दीपप्रज्वलन आणि एक भाषण राहिलं, पानं गेली. थाळकर आजोबांना मावशी विचारणार आहे.

जेवणाचं आज पहिल्या वर्षाच्या एकीला विचारलं, भाकरी येते का? आधी गप्पच. मग आपल्या बोलीत विचारलं, तर म्हणाली, चुलीवर येते, गॅसवर फुगत नाही.

आता हॉलच्या मागं दोन चुली मांडायच्या तर परवानगी कोणाकडं मागतात?