सोलर विकत की भाड्याने? सही करण्याआधी काय लिहून घ्यावं?

छप्परवाला
घरावर ५ किलोवॅटची यंत्रणा बसवायची आहे. विक्रेता दोन पर्याय देतोय: थेट खरेदी, नाहीतर २५ वर्षांचा भाडेकरार, हप्त्यात दरवर्षी २.९ टक्के वाढ. दोन्हींवर ‘२५ वर्षं वॉरंटी’ छापलंय. करारात काय काय तपासू?

डीसी_तार
आधी ती २५ वर्षं कशाची, ते विचारा. सहसा ती पॅनेलच्या क्षमतेची असते: शेवटी मूळ वॅटेजच्या ८० ते ८७ टक्के उरेल, एवढंच. बनावटीतल्या दोषांची वॉरंटी वेगळी, इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणाऱ्या यंत्राची, वेगळी (अनेकदा ५ ते १० वर्षं), बसवण्याच्या कामाची आणखी वेगळी. छपराला पाडलेल्या भोकांतून गळायला लागलं की ही शेवटचीच कामाला येते, आणि नेमकी तीच बऱ्याचदा कागदावर नसते. खराब पॅनेल उतरवायची, नवं चढवायची मजुरी कोणाची, तेही लिहून घ्या.

पॅनेल वर चढण्याआधी प्रत्येकाच्या अनुक्रमांकाचा फोटो काढा. तेच क्रमांक बिलावर हवेत, नाहीतर दावा करताना अडाल.

हिशेबी
२.९ टक्के किरकोळ वाटतात, पण चक्रवाढीने पंचविसाव्या वर्षाचा हप्ता पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होतो. पॅनेलची क्षमता मात्र वर्षाला साधारण अर्धा टक्का घटते. म्हणून स्थिर हप्ता मागा. घर विकलं आणि नव्या मालकाने करार नाकारला तर किती भरायचं? मुदतीनंतर यंत्रणा कोण उतरवणार, भोकं कोण बुजवणार? यांची उत्तरं तोंडी नकोत.

‘बिल ९० टक्के कमी’ ही हमी नव्हे, जाहिरात. हमी म्हणजे वर्षाला अमुक युनिट, आणि कमी पडलेल्या प्रत्येक युनिटमागे अमुक भरपाई.

छप्परवाला
भर दुपारी पूर्ण ५ किलोवॅट मिळाले नाहीत तर तक्रार करता येईल?

डीसी_तार
त्यावर टिकणार नाही. तो आकडा चाचणीतला: चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेल (पॅनेलमधला वीज बनवणारा भाग) २५ अंशांवर. छपरावर सेल ६० अंशांवर गेला की अंशाला साधारण ०.३५ टक्के धरून १२ टक्के तिथेच गेले. भांडायचं ते वर्षाच्या युनिटवर.

शेवटचा हप्ता मात्र ग्रिडजोडणी (वीज कंपनीच्या जाळ्याशी जोडणी) होऊन मीटर चालू होईपर्यंत देऊ नका. सोबत आयईसी ६२४४६-१ (सोलर यंत्रणेच्या तपासणीचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे चाचणी अहवाल घ्या: प्रत्येक स्ट्रिंगचं (एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या माळेचं) व्होल्टेज, इन्सुलेशन रेझिस्टन्स (तारांचं आवरण वीज गळू देत नाही ना), अर्थिंग.

हिशेबी
मॉनिटरिंग ॲपचं खातंही स्वतःच्या नावावर. विक्रेत्याने दुकान गुंडाळलं की नोंदीही गेल्या, मग युनिट कमी पडले हे दाखवणार कशावरून?