मदत हवी आहे : बर्लिन प्राइडसाठी (समलिंगींचा वार्षिक मोर्चा-उत्सव) दोघांनी कुठे राहावं?

जुलैअखेर आम्ही दोघं (दोघेही पुरुष) पुण्याहून बर्लिनला जातोय. राहायला शोनेबर्ग हा भाग मनात आहे. तिथल्या नोलेनडोर्फप्लाट्झ स्टेशनला यू१ ते यू४ चारही मेट्रो थांबतात, शिवाय स्टेशनच्या भिंतीवर नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या समलिंगींच्या स्मरणार्थ गुलाबी त्रिकोण आहे. तिथेच उतरावं असं फार वाटतं.

शुक्रवार-शनिवार मेट्रो रात्रभर चालते, इतर रात्री मात्र बस. त्या बसमध्ये, विशेषतः नॉयकोल्न भागाकडे, हातात हात घेऊन बसणं कितपत सुरक्षित?

आपल्याकडे आमच्या लग्नाला मान्यता नाही. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) अर्ज तर प्रत्येकाचा वेगळाच असतो, आमचा ३०,००० युरोंचा प्रवास विमाही वेगळा. दोन्ही फायलींना एकच हॉटेल बुकिंग जोडलं तर चालतं का? त्यावर दोघांची नावं हवीतच ना?

जर्मन डबल बेडवर बहुधा दोन सुट्या गाद्या असतात. सलग गादीसाठी बुकिंगमध्ये नेमकं काय लिहायचं?