'डॉक्टर हू'मधल्या प्रेमकथा : कुठून सुरुवात?

नवख्याला 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेतला प्रेमाचा भाग दाखवायचा तर माझं मत 'द गर्ल इन द फायरप्लेस' (२००६). ५१व्या शतकातल्या यानातली फायरप्लेस १८व्या शतकातल्या फ्रान्समध्ये उघडते. मालिकेचा नायक, कालप्रवासी डॉक्टर, याची काही मिनिटं जातात, तिकडे फ्रान्समधल्या रेनेटची वर्षं सरतात. आधीचं काही ठाऊक नसलं तरी अडत नाही. मग 'ह्युमन नेचर' आणि 'द फॅमिली ऑफ ब्लड' (२००७) सलग बघा, गोष्ट एकच आहे.

बरेच जण 'डूम्सडे' हा भाग सुचवतात, पण तो एवढ्यात नको. डॉक्टरची सोबतीण रोझ, तिचा २००५पासूनचा प्रवास माहीत नसेल, तर किनाऱ्यावरचा तो निरोप नुसता रडका वाटेल. आणि हो, भाग शोधताना सीझनच्या आकड्यावर जाऊ नका. १९६३, २००५ आणि २०२४ अशी तीनदा १पासून मोजणी झालीय, साल बघा.