विमान सुखरूप उतरलं, तरी त्याच्या नोंदी कोणी बघतं का?

खिडकीची_सीट: मंडळी, भाबडा प्रश्न आहे. की अपघात झाल्यावरच सगळी पळापळ?

डेटावाला: रोज बघतात, माझं पोटच त्यावर आहे. ब्लॅक बॉक्सला हात लावावा लागत नाही. क्यूएआर (क्विक ॲक्सेस रेकॉर्डर) नावाच्या वेगळ्या रेकॉर्डरवरून आम्ही नोंदी उतरवून घेतो. २७,००० किलोपेक्षा जड विमानांसाठी हे विश्लेषण २००५पासून आंतरराष्ट्रीय नियमानेच सक्तीचं आहे. उतरताना १,००० फुटांवर वेग, खाली येण्याचा दर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या), चाकं सगळं जागच्या जागी हवं. नसेल तर सॉफ्टवेअर खूण करतं. एकट्यादुकट्या खुणेवरून मी निष्कर्ष काढत नाही. पण एकाच धावपट्टीवर वेगवेगळे पायलट सारखे हवं त्यापेक्षा उंचावरून येताना दिसले, की आधी बघायचं ते एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) त्यांना उशिरा खाली सोडतंय का. २०१०मध्ये मंगळूरला विमान असंच फार उंचावरून आलं. सहवैमानिक गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) म्हणत होता, तरी कॅप्टनने टेकवलं. १५८ माणसं गेली.

कोथरूडकर: म्हणजे पायलटच्या डोक्यावर सीसीटीव्हीच की! मेमो किती जातात?

डेटावाला: मेमोचा धाक दाखवला की माणसं तोंड उघडत नाहीत, साहेब. आलेखात काय झालं ते दिसतं; का झालं ते पायलटनेच सांगायचं. म्हणून नावं मोजक्याच लोकांना कळतात. मुद्दाम नियम मोडला असेल तर गोष्ट वेगळी.

खिडकीची_सीट: आणि गो-अराउंड केला तर? प्रवासी जाम वैतागतात.

डेटावाला: वैतागू देत! त्याचा जाब आम्ही विचारत नाही. न केलेल्याचा विचारतो.